मोजणीच्या कुंपणाबाहेर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली अमलात आला, तेव्हा सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाईला वेसण बसेल, अशी आशा सामान्य नागरिकाच्या मनात निर्माण झाली. आणि ती अनाठायी नव्हती. मुदतीत सेवा न मिळाल्यास दोन अपिले, त्यानंतर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये शास्ती, अशी ही व्यवस्था आहे. परंतु हा हक्क शासनाच्या प्रत्येक कामास लागू नाही. तो केवळ ‘अधिसूचित’ सेवांपुरता आहे. आणि कोणती सेवा अधिसूचित करावयाची, तिला किती मुदत द्यावयाची, हे कलम 3 नुसार ती सेवा पुरविणारे प्राधिकरणच ठरविते. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी, असा हा प्रकार होय.

मोजणीला मर्यादा असूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. उत्पन्नाचा दाखला आणि वारसांच्या तंट्यात सापडलेली जमिनीची नोंद यांना एकच घड्याळ लावणे अन्यायाचे ठरेल. कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, असा दंडक 2005 च्या विलंब प्रतिबंधक कायद्याने घातला, तोदेखील न्यायप्रविष्ट व मोठ्या धोरणविषयक बाबी वगळूनच. तेव्हा कुंपण हवेच. प्रश्न आहे तो कुंपण कोणी घालावे आणि बाहेर काय राहिले हे कोणाला दिसावे, एवढाच.

एखादे परिमाण नियंत्रणासाठी वापरू लागताच त्याची विश्वासार्हता ढासळते, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने 1975 साली चलनविषयक धोरणासंबंधी दाखवून दिले. आपल्या कचेऱ्यांत त्याचा प्रत्यय निराळ्या रीतीने येतो. ज्या कामाचा तक्ता वर पाठवावा लागतो, ते कारकून आधी हातावेगळे करतो. न मोजली जाणारी नस्ती गठ्ठ्याच्या तळाशी जाते. (रिक्त पदांचा भार वाहणाऱ्या त्या कारकुनास दोष तरी कसा द्यावा?) शिवाय मुदत सुरू होते ती अर्ज सर्व बाबतींत परिपूर्ण झाल्यावर. प्रवेशासाठी दाखला हवा असलेल्या विद्यार्थिनीचा अर्ज दोनदा त्रुटीपायी परत गेला, तर तिचे ते आठवडे कोणत्याच हिशेबात येत नाहीत. कागदोपत्री सेवा मुदतीत मिळालेली असते. प्रवेशाची तारीख मात्र टळून गेलेली असते.

म्हणून सेवांच्या यादीबाबत शेवटचा शब्द खात्याचा नसावा, आयोगाचा असावा. वगळलेल्या प्रत्येक सेवेचे कारण खात्याने लेखी प्रसिद्ध करावे आणि तिच्यासाठी वर्षभरात किती अर्ज आले, किती पडून राहिले, हेही सांगावे. त्यांना मुदतीचे बंधन नसेना का, मोजदाद तरी हवी. आणि अर्जदार प्रथम खिडकीशी आला, तो दिवस परिपूर्णतेच्या दिवसाशेजारी नोंदला जावा. या दोन तारखांमधील अंतर विधिमंडळापुढे दरवर्षी ठेवण्यास शासनाला अडचण कोणती?