सोयाबीनचा मूळ रंग काळा!

घरात सोयाबीन असेल तर चार दाणे हातावर घेऊन बघा. फिकट पिवळा रंग आणि प्रत्येक दाण्यावर एक छोटासा डोळा, बऱ्याच वाणांत काळा किंवा तपकिरी. रानटी सोयाबीनचा अख्खा दाणाच साधारण काळा असतो. उत्तराखंडात कुमाऊंकडे ज्याची चुरकाणी करतात, ते ‘भट्ट’ म्हणजे काळं सोयाबीनच. मग पिवळ्या दाण्याचा रंग गेला कुठे?

गेला नाही, दाबून ठेवलाय. रंगाची जनुकं पिवळ्या सोयाबीनमध्येही शाबूत असतात. जनुकाकडून कामाची एक चिठ्ठी निघते, तिचं नाव मेसेंजर आरएनए. ती वाचून पेशी रंगासाठी लागणारं प्रथिन बनवते. पण दाण्याच्या सालीत आरएनएचे इवलेसे तुकडे फिरत असतात, जेमतेम 21-22 अक्षरांचे. ते या चिठ्ठीला नेमके जुळतात, आणि जुळले की पेशीतलं एक प्रथिन चिठ्ठी कापून टाकतं. चिठ्ठीच फाटली तर रंग कुठून येणार? गंमत म्हणजे हे घडतं फक्त सालीत. त्याच झाडाची फुलं खुशाल जांभळी असू शकतात.

असा प्रकार गाजला तो पेटुनियामुळे. 1990 मध्ये अमेरिकेत कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गनसेन आणि सहकाऱ्यांनी जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली, तर काही फुलं चक्क पांढरी झाली! झाडांमधले हे छोटे आरएनए सापडायला 1999 उजाडलं. ते शोधले इंग्लंडमध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकम यांनी. 2006 चं नोबेल मात्र कृमींवर काम करणाऱ्या फायर आणि मेलो यांना मिळालं. बिचाऱ्या पेटुनियावर जरा अन्यायच झाला, असं मला तरी वाटतं.

हेच तुकडे झाडाचं शस्त्रही आहेत. विषाणू शिरला की झाड त्याचा आरएनएसुद्धा असाच कापतं. सोयाबीन मोझॅक विषाणूने त्यावर तोड काढली आहे. त्याचं एक प्रथिन या तुकड्यांचं कामच अडवतं. मग सालीतल्या रंगावरचा पहाराही उठतो आणि पिवळ्या दाण्यांवर काळे-तपकिरी पट्टे उमटतात. दाण्यावरचा प्रत्येक डाग यामुळेच पडतो असं नाही, काही बुरशीचेही असतात. पण या पट्ट्यांमध्ये दिसतो तो सोयाबीनचा जुनाच रंग.