अंगणातली जुनी ट्रॉली आणि टोळीची कोपी



पावसाळा सुरू आहे, ऊस वाढीला लागला आहे आणि कारखान्याचा बॉयलर अजून थंड आहे. बॉयलर पेटला की आपल्या डोक्यात दुसरा विषय शिरत नाही. टोळी कधी येणार, तोड कधी मिळणार, ट्रॉली वेळेवर लागणार की नाही, एवढेच. म्हणून जे बोलायचे ते आताच बोललेले बरे.

विषय साधा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यामागे किंवा कडुनिंबाखाली एक जुनी दोनचाकी ट्रॉली गंजत पडलेली असते. नवी घेतली म्हणून जुनी वापरत नाही, आणि भंगारात घालायला जीव होत नाही. त्या ट्रॉलीवर आपल्या हातांनी एक छोटी खोली बांधता येते, आणि हंगामात ती आपला ऊस तोडणाऱ्या कुटुंबाला राहायला देता येते. ती द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

हे माझ्या डोक्यात कसे आले ते आधी सांगतो. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला, तो आपणा सर्वांना आठवत असेल. त्या वेळी माझ्या फडाच्या कडेला तीन कोप्या होत्या. कोपी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. चार बांबू, चटई, वर प्लास्टिकचा कागद, दारात चूल, आणि जमिनीवर अंथरलेली गोधडी. रात्री बॅटरी घेऊन मी बांधावर गेलो, तर कागद उडालेले, चटया आडव्या झालेल्या. वरून पाणी, खालून पाणी. पुरुष माणसे सामान धरून उभी होती, आणि एक बाई तान्ह्या लेकराला पदराखाली घेऊन माझ्या उसाच्या ट्रॉलीखाली बसली होती. साऱ्या रानात तिला कोरडी जागा सापडली ती तेवढीच.

त्यांना घरी आणले, आमच्या मंडळींनी चहा केला, पडवीत रात्र काढली. सकाळी त्यांनी चिखलातच पुन्हा कोप्या उभ्या केल्या. जरा वाफसा येताच कोयते चालू झाले. माझा ऊस वेळेवर गेला, पावती मिळाली, पहिली उचलही जमा झाली. माझे काहीच बिघडले नाही. पण ज्या ट्रॉलीच्या वर माझा ऊस होता तिच्याच खाली ते लेकरू होते, हे काही डोक्यातून जाईना.

मग २०२२ च्या उन्हाळ्यात मी आणि माझा मुलगा, दोघांनी मिळून जुन्या ट्रॉलीवर खोली बांधली. वेल्डिंगचे मशीन शेजाऱ्याचे, बाकी हात आमचे. रोज संध्याकाळी दोन-तीन तास, असे दीड महिना काम चालले.

चाकांवरचे घर ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेत जे शेफर नावाच्या माणसाने १९९९ साली ट्रेलरवर छोटे घर बांधले आणि त्यात तो राहू लागला. त्याचे पाहून पुढे तिकडे पुष्कळांनी तशी घरे बांधली. तिकडे घर किमान इतके मोठे पाहिजे असे नियम ठिकठिकाणी असतात. चाके लावली की ते घर कागदोपत्री गाडीत मोडते, हे त्यातले एक कारण. आपल्याकडे चाकांचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे माणूसच कामाच्या मागे फिरतो. फड संपला की कोपी मोडायची आणि पुढच्या फडावर पुन्हा बांधायची. मग घरानेही माणसामागे जावे, हे सरळ आहे.

आता बांधणीचे सांगतो, म्हणजे कोणाला करावेसे वाटले तर माझ्या चुका पुन्हा करायला नकोत.

पहिली गोष्ट वजनाची. माझ्या ट्रॉलीचा पाटा १२ फूट बाय ६ फूट आहे. त्यावर साडेसहा फूट उंचीची खोली केली. ४० मिलिमीटर चौरस पाइपचा सांगाडा, भिंतींना ८ मिलिमीटर जाडीचे सिमेंटचे बोर्ड, खाली जाड प्लायवूड, वर रंगीत पत्रा. दार, खिडक्या आणि आतल्या फळ्या धरून सगळे वजन सातशे किलोंच्या आतबाहेर भरले. एवढ्याच भिंती साडेचार इंची विटांच्या घातल्या असत्या तर नुसत्या भिंतीच चार टनांवर गेल्या असत्या. उसाचे ओझे वाहिलेल्या ट्रॉलीला सातशे किलो म्हणजे काहीच नाही. मात्र अ‍ॅक्सल, कमानपाटे आणि टायर आधी तपासून घ्यावेत. गंज खाल्लेल्या दांडीवर घर बांधू नये.

दुसरी गोष्ट तोलाची. इथे मी फसलो. पाण्याची टाकी आणि सामानाची पेटी मी मागच्या बाजूला बसवली. ट्रॅक्टरचा हूक काढला मात्र, दांडी वर उचलली गेली आणि खोली मागे बसली. नशीब, आत कोणी नव्हते. एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा पुढे हुकावर आला पाहिजे. त्याहून कमी आला तर चालताना ट्रॉली शेपटी हलवते. जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे ठेवाव्यात, आणि खोली जागेवर लागली की चारही कोपऱ्यांना जॅक नाहीतर ठोकळे देऊन चाकांना उटी लावावी.

तिसरी गोष्ट हादऱ्याची. आपले पाणंद रस्ते कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. खिळे ठोकलेले असतील तर दोन मैलांत ढिले होतात. सगळीकडे नट-बोल्ट आणि वायसर वापरावेत, आणि दरवेळी हलविण्यापूर्वी आवळून घ्यावेत. रुंदी पाट्याबाहेर जाऊ देऊ नये. उंचीही बेताची ठेवावी, कारण रानातल्या वीजतारा लोंबत असतात. मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. आणि हे नीट ध्यानात ठेवावे, की खोली हलवताना आत एकही माणूस बसवायचा नाही, लेकरू तर नाहीच. ते धोक्याचे आहे, आणि कायद्यातही बसत नाही. रस्त्यावर काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट हवेची. इंग्लंडात पूर्वी मेंढपाळ मेंढ्या व्यायच्या दिवसांत माळावर चाकांच्या खोलीत राहत. टॉमस हार्डी यांच्या १८७४ सालच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' या कादंबरीतला मेंढपाळ अशाच खोलीत शेगडी पेटती ठेवून, झरोके बंद करून झोपतो आणि गुदमरून मरता मरता वाचतो. कादंबरीतली गोष्ट असली तरी धोका खरा आहे. चूल आत ठेवायची नाही. आम्ही दाराबाहेर बिजागरीवर उघडणारा पत्रा बसवला, त्याच्या सावलीत चूल. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या, त्यांना जाळी लावली, आणि छताखाली कायम उघडा राहील असा झरोका ठेवला. दुपारी पत्रा तापतो, म्हणून वरून पांढरा चुना दिला आणि आतून थर्माकोल लावून त्यावर प्लायवूड मारले. पाचट मात्र छतावर टाकू नका, एका ठिणगीचे काम असते. वीज आकडा टाकून घेऊ नका. लोखंडी सांगाड्यात करंट उतरला तर सगळे घर झटका देईल. सौर दिवा पुरतो, मोबाइलही त्यावर चार्ज होतो.

खर्च पन्नास हजारांच्या आसपास आला. ट्रॉली घरची, मजुरी घरची. ही रक्कम लहान नाही, हे मलाही कळते. पण खोली एका हंगामाची नाही. उरलेल्या सात महिन्यांत मी ती विहिरीजवळ लावतो आणि रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला गेलो की तिच्यात पाठ टेकतो. बिबट्याच्या भागातले जे सभासद हे वाचत असतील त्यांना बंद दाराची किंमत वेगळी सांगायला नको.

पहिल्या हंगामात खोली दिली तेव्हा त्या कुटुंबातली बाई चाकांकडे बघत म्हणाली, "मालक, ह्याला चाकं हायेत. म्हंजी आमच्यासंगट पुढच्या फडावर बी येईल का?" मी हो म्हटले. तिने आधी दाराची कडी आतून लावून पाहिली. मग उघडली. मग पुन्हा लावली. नवरा हसायला लागला. मला हसू आले नाही. पाच महिने उघड्यावर राहणाऱ्या बाईला आतून लागणारी कडी म्हणजे काय, याचा विचार मी साठीला आलो तरी कधी केला नव्हता.

यावर आपल्यापैकी काहीजण काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण चावडीवर ऐकून झाले आहे. "टोळीची सोय मुकादमाने बघावी, त्याने उचल घेतली आहे." मुकादम उचलीचा हिशोब बघतो, लेकरांची ओल तो बघत नाही. "कारखान्याने बघावे." जरूर बघावे. गाडीतळावर पाणी, संडास आणि दिवे ही कारखान्याचीच जबाबदारी आहे, आणि माझ्या खोलीने ती संपत नाही. पण कारखाना म्हणजे कोण? आपणच की नाही? "एकाला दिली की सगळे मागतील." मागू देत. मागण्यासारखेच आहे. "आता हार्वेस्टर आले, टोळ्या किती दिवस राहणार?" अर्धा एकर तुकड्याचा, ओल्या रानाचा आणि पडलेल्या उसाचा जो सभासद आहे, त्याने हे स्वतःलाच विचारावे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपण सर्वांनी ते वर्तमानपत्रात वाचले, हळहळलो, आणि पान उलटले. एका खोलीने तो प्रश्न सुटत नाही, असा माझा दावाही नाही. पण ज्या बाईला आडोसा नाही, कोरडे अंथरूण नाही, दुखत असताना पडायला जागा नाही, तिच्या दुखण्यात आपल्या फडाचाही वाटा आहे, एवढे तरी कबूल करावे.

सप्टेंबरातल्या वार्षिक सभेपुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, कारखान्याच्या वर्कशॉपने बंद हंगामात अशा खोलीचा एक नमुना आणि नकाशा तयार करावा, आणि ज्या सभासदाला बांधायची आहे त्याला वेल्डिंग ना नफा तत्त्वावर करून द्यावे. दोन, साहित्याची रक्कम ऊसबिलातून दोन हंगामांत हप्त्याने कापावी. तीन, पहिल्या वर्षी गटागटाने निदान एक खोली उभी करावी आणि ती तान्हे मूल किंवा गरोदर बाई असलेल्या कुटुंबाला द्यावी. अनुभव बघून पुढचे ठरवता येईल.

आपल्या वाडवडिलांनी पै-पै गोळा करून भाग घेतले तेव्हा आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याच्या डोक्यावरही छप्पर यावे, हाच त्यामागे हेतू होता. ते आले. आपली घरे स्लॅबची झाली. आता त्या छपराची सावली थोडी पुढे सरकवायची एवढेच. ट्रॉली अंगणात आहे, हात रिकामे आहेत, आणि टोळी यायला अजून दोन-तीन महिने आहेत. ज्यांना खोली पाहायची असेल त्यांनी खुशाल घरी यावे. चुकलेले काय तेही दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद