टेकडीवरची व्याख्यानशाळा

थंडी पडू लागली की शाळा-महाविद्यालयांतून सहलींचे वारे वाहू लागतात. नागपूर, भंडारा, गोंदियाकडच्या बसगाड्या मग जबलपूरची वाट धरतात. भेडाघाटचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. आधी धुवांधार धबधबा, मग संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार, नावाड्याच्या यमकांवर पोट धरून हसणे, दुकानातून दगडाचा एखादा छोटा गणपती विकत घेणे, की परत बस! जवळच्याच टेकडीवर चौसष्ट योगिनींचे देऊळ असते. पण तिथे पायऱ्या चढायच्या असतात, मुले दमलेली असतात आणि जेवणाची वेळ टळून गेलेली असते. देवळाच्या वाट्याला येतात जेमतेम वीस मिनिटे. एक सामूहिक फोटो निघतो आणि सारे खाली उतरतात.

खरे तर विद्यार्थ्यांच्या सहलीला या टेकडीइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राणीने या गावी देवळासोबत एक व्याख्यानशाळाही बांधली होती, हे किती सहलींमध्ये सांगितले जाते?

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरी राजांची त्रिपुरी. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच त्रिपुरीच्या नावाने. कलचुरींच्या वैभवाच्या काळात, दहाव्या शतकाच्या सुमारास, नर्मदेकाठच्या टेकडीवर हे गोलाकार देऊळ उभे राहिले. त्याला शिखर नाही, छप्परही फक्त कडेच्या ओवऱ्यांना. मधले अंगण आभाळाला उघडे. आतला व्यास सुमारे ११६ फूट. कडेने खांबांच्या ८४ जागा. त्यांतल्या तीन जाण्यायेण्यासाठी मोकळ्या सोडलेल्या, म्हणजे मूर्तींसाठी उरल्या ८१. नाव चौसष्ट योगिनींचे आणि जागा एक्क्याऐंशी, हे गणित मुलांना घालावे. आठ आठे चौसष्ट आणि नऊ नव्वे एक्क्याऐंशी, अशा दोन्ही संख्यांच्या योगिनी परंपरा आपल्याकडे होत्या, एवढे सांगितले की पाढेसुद्धा वेगळे वाटू लागतात.

मूर्तींच्या पायथ्याशी त्यांची नावे कोरलेली आहेत. अक्षरे जुन्या नागरी वळणाची असल्याने मराठी मुलाला थोड्या प्रयत्नाने त्यातली काही ओळखू येतात. फणेंद्री, सर्वतोमुखी, जाह्नवी अशी ही नावे. कोणाचे मुख हत्तीचे, कोणाच्या पायाशी पक्षी, तर कोणाच्या पायाशी पशू. सहलीतल्या मुलांचे गट पाडून वाहने ओळखायला आणि नावे वाचायला सांगितली, तर वीस मिनिटांचे दोन तास कधी झाले ते कळणारही नाही.

या राजवटीत शैव आचार्यांना मोठा मान होता. त्यांच्या ‘गोळकी’ नावाच्या मठाचा संबंध अनेक अभ्यासक भेडाघाटच्या या गोल देवळाशी जोडतात. या मठाची शिष्यपरंपरा थेट आंध्रापर्यंत पोहोचली. गुंटूर जिल्ह्यातील मल्कापुरम येथे १२६१ सालचा, काकतीय राणी रुद्रम्मादेवीच्या काळातला शिलालेख आहे. दान मिळालेल्या गावाच्या उत्पन्नातून कोणकोणती कामे चालवायची ते त्यात नोंदवले आहे, आणि त्यात प्रसूतिशाला आणि आरोग्यशाला आहेत. मठ म्हणजे केवळ जपमाळ ओढणाऱ्यांचे ठिकाण, ही समजूत या एका लेखाने दूर होते.

आता राणीची गोष्ट. तिचे नाव अल्हणदेवी. कलचुरी राजा गयाकर्ण याची ही पत्नी. वडिलांकडून मेवाडच्या गुहिल घराण्यातली, आईकडून माळव्याच्या परमार राजा उदयादित्याची नात. पतीच्या पश्चात, मुलगा नरसिंह गादीवर असताना, तिने शिवमंदिर बांधले आणि त्याला जोडून मठ, व्याख्यानशाळा आणि बागा उभारल्या. खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले. हे सारे कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ. स. ११५५ च्या शिलालेखात आहे. व्याख्यानशाळा म्हणजे अध्ययन-अध्यापनाची जागा. देवळाशेजारी शाळा हवी, शाळेशेजारी झाडे हवीत आणि दोन्हींना कायमचे उत्पन्न हवे, एवढा विचार त्या बाईने केला होता. तिची ती शिळा पुढे फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृत पंडितामुळे अमेरिकेला, न्यू हेवनच्या अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे गेली.

हा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे कोकणात जन्मलेले आणि नागपुरात संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेले पंडित. कलचुरी-चेदी संवताचे शिलालेख त्यांनी एकत्र करून संपादित केले, आणि तो ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. नागपूरहून निघणाऱ्या सहलीच्या बसमध्ये मिराशींचे नाव निघाले नाही, तर ती उणीव बसची नव्हे, तयारीची म्हणायची.

डोंगरावरचे देऊळ, खाली वाहते पाणी आणि शिकणाऱ्यांची वर्दळ हे चित्र काही आपल्याच देशातले नाही. चीनमध्ये ताओ पंथीयांनी वुदांग पर्वतावर अशीच देवळे बांधली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मिंग सम्राट योंगलने तिथे मोठे बांधकाम केले. १९९४ साली युनेस्कोने ही देवळे जागतिक वारशात घेतली. आपल्या भेडाघाट-लमेटाघाटचे नाव २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. यादीत नाव येणे ही पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या तिथे येणाऱ्यांच्या वागणुकीवरही अवलंबून असतात.

इथे एक अवघड प्रश्न येतोच. बहुतेक योगिनींचे हात, नाक, चेहरे फुटलेले आहेत. कोणी ना कोणी विचारतेच, “सर, या कोणी फोडल्या?” गावात औरंगजेबाच्या सैन्याची गोष्ट सांगितली जाते. शिक्षकांनी ती ‘गावात सांगितली जाणारी गोष्ट’ म्हणून जरूर सांगावी. लोककथा कशाला म्हणतात आणि पुरावा कशाला म्हणतात, हे समजावण्याची याहून चांगली संधी वर्गात मिळत नाही. आणि मग मुलांना शेजारच्या भिंतीकडे बघायला सांगावे. खिळ्याने कोरलेली नावे, बदामात गुंफलेली अक्षरे अशा जागी नेहमी दिसतात. ती कोणत्याही परक्या सैन्याने कोरलेली नसतात. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, असा कायदा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा, जिचे नाव आत्ताच आपण वाचले ती मूर्ती आपलीच आहे, ही जाणीव जास्त कामाला येते.

सहल आखणाऱ्यांनी एवढेच करावे. सकाळी सर्वात आधी टेकडी चढावी. तेव्हा पाय ताजे असतात आणि उन्हाचा कोवळा उजेड मूर्तींवर असतो. मध्यभागीच्या गौरीशंकराच्या देवळात नंदीवर बसलेले शिवपार्वती पाहावेत. तिथे आजही पूजा होते, तेव्हा पादत्राणे बाहेर आणि आवाज खाली. धबधबा आणि नौकाविहार नंतर. धुवांधारच्या काठी खडक ओले आणि निसरडे असतात. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकून फोटो काढण्याचा हट्ट कोणाचाही चालू देऊ नये, शिक्षकांचासुद्धा. परतताना जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात एक तास काढला, तर कलचुरी शिल्पे जवळून पाहता येतात.

आणि पालकांनी? मूल घरी आल्यावर “काय खाल्लेस, काय आणलेस?” हे तर विचारावेच. त्याच्या जोडीला “तुला कोणत्या योगिनीचे नाव वाचता आले?” एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर आले, तर सहलीचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे. अल्हणदेवीची व्याख्यानशाळा आज उभी नाही, पण तिथे जाऊन कोणी काही शिकून आले, की ती त्या दिवसापुरती पुन्हा भरते.