गोल्फचा रियाज घरातच

डिसेंबरात हॅनोव्हरला चारच्या सुमारास अंधारू लागते. नोकरदाराला गोल्फचे मैदान दिसते ते शनिवार-रविवारीच. मग स्विंग सुधारावा कसा? पैसेवाल्यांचा खेळ म्हणून सोडून द्यावा? मुळीच नाही!

चिखलवाडीत लहानग्या सुनील गावसकरांना आई घरीच चेंडू टाकीत असे. गवयी रियाजासाठी मैफलीची वाट पाहत नाही. गोल्फ खेळणाऱ्याने तरी मैदानाची का पाहावी?

आरशासमोर उभे राहा. टॉवेल छातीवरून आडवा घेऊन त्याची टोके दोन्ही काखांत धरा आणि स्टिकशिवाय, हात जुळवून सावकाश खांदे वळवा. टॉवेल निसटला, तर हात अंगाला सोडून पळाले असे समजावे. चेंडू नसल्याने खालच्या शेजाऱ्यालाही उपद्रव नाही. रोज १० मिनिटे पुरेत. वळण अंगात मुरते ते सातत्याने, महागड्या सामानाने नव्हे.