गाठ गेली, गोळी मात्र जन्माची

एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे तिने लिहिले आहे, म्हणून नुसता मजकूर देते.

"ताई, गळ्याची गाठ काढून आठ महिने झाले. डॉक्टरांनी पूर्ण थायरॉईड काढून टाकले. गाठ साधी निघाली, घरात सर्वांना हायसे वाटले. पण माझ्या अंगात त्राण नाही. चार घरी स्वयंपाक करीत होते, आता दोनच घरी जाते. तोंड सुजते, केस गळतात, बोटांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, हिच्या अंगात आळस भरला. थायरॉईडची, कॅल्शियमची आणि रक्तवाढीची अशा तिन्ही गोळ्या रोज सकाळी चहाबरोबर न चुकता घेते. मग गुण का येत नाही?"

भगिनींनो, या बाईला आळस नाही. ती गोळ्याही चुकवीत नाही. चुकते ती वेळ, आणि ही गोष्ट तिला इस्पितळातून सोडताना कुणी नीट समजावून सांगितली नाही.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. तिचा रस रक्तात मिसळतो आणि शरीराचे काम कोणत्या वेगाने चालावे ते ठरवितो. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पचन, पाळी, मनाची उभारी या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. संपूर्ण ग्रंथी काढलेले रोगी पुढे सुजतात आणि मंद होत जातात, हे स्वित्झर्लंडचे डॉ. कोखर यांनी १८८३ साली जगापुढे मांडले. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. १८९१ साली इंग्लंडात डॉ. मरे यांनी थायरॉईड निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे १९१९ पर्यंत जगली. आज तेच काम एक चिमुकली गोळी करते.

म्हणजे ही गोळी दुखणे बरे करण्यासाठी नाही. शरीर जे आता स्वतः तयार करू शकत नाही, ते ती रोज पुरविते. म्हणून बरे वाटू लागले तरी ती बंद करायची नाही. बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही, कारण रक्तातला रस निम्मा व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. माणसाला वाटते, गोळीवाचून काही अडत नाही. मग काही आठवड्यांनी अंग जड होऊ लागते.

आता वेळेचे. कॅल्शियम आणि लोह या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरेशी जात नाही. चहा, कॉफी, नाश्ताही आड येतात. कामावर जाणाऱ्या बाईने असे करावे :

पहाटे उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी, फक्त साध्या पाण्याबरोबर. गोळी आणि तांब्या रात्रीच उशाशी ठेवावा.

त्यानंतर अर्धा ते एक तासाने चहा-नाश्ता.

कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या किमान चार तासांनी. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, लोह संध्याकाळी. ही दोन्ही एकमेकांपासूनही दूर असावीत. कॅल्शियम दिवसातून दोनदा-तीनदा लिहून दिले असेल, तर डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्याव्यात.

आम्लपित्ताची गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळ्यांची बाटली चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

टीएसएच नावाची रक्ततपासणी असते. आकडा वाढलेला असेल तर रस कमी पडतो आहे असे समजावे. पण गोळी चहाबरोबर घेतो हे सांगितले नाही, तर डॉक्टर नुसती मात्रा वाढवीत जातील. वेळ सुधारली की मग तीच मात्रा जास्त होऊन छातीत धडधड, हाताला कंप सुरू होऊ शकतो. म्हणून बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. गाठ कर्करोगाची होती अशांचा टीएसएच डॉक्टर कधी मुद्दाम कमी ठेवतात, त्यांनी शेजारणीच्या आकड्याशी तुलना करू नये. दिवस राहिले तर मात्रा बहुधा वाढवावी लागते, म्हणून कळताच डॉक्टरांना भेटावे.

मुंग्यांचे कारण वेगळे असू शकते. थायरॉईडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या तर ओठाभोवती व बोटांना मुंग्या येतात, हातापायाला पेटके येतात. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात, काहींच्या सावरत नाहीत. अशांना कॅल्शियमबरोबर तयार, म्हणजे शरीराला थेट उपयोगी पडणारे ड जीवनसत्त्व लागते. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटांची पुडी त्याची जागा घेत नाही. नाचणी, तीळ, सुका जवळा जरूर खावा, पण तेवढ्यावर भागत नाही. पेटके वाढले, बोटे आखडली, श्वास अडला वा झटका आला, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे. उलट आपल्या मनाने जास्त कॅल्शियम घेतल्यास मुतखडा होतो.

मुंग्या आणि थकवा बी-१२ च्या कमतरतेनेही येतात. तेव्हा अंदाज न करता कॅल्शियम, ड आणि बी-१२ तपासून घ्यावे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त देण्यापूर्वी दोन दिवस त्या बंद ठेवा. त्यांच्यामुळे थायरॉईडचे आकडे खोटे येऊ शकतात.

कोबी-फ्लॉवर खाऊ नको, असे सांगणारे बरेच भेटतात. ग्रंथीच उरली नाही, तर कोबी बिघडवील काय? खुशाल खा.

पत्र लिहिणाऱ्या ताई, आपण हा अंक घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळ्या कशा घेत होता ते न लाजता सांगा आणि मुंग्यांची तपासणी लगेच करून घ्या. आणि घरच्या मंडळींनो, तिला आळशी म्हणण्याआधी पहाटे पाण्याचा तांब्या तिच्या हाती द्या. चहा एक तास उशिरा झाला तरी चालेल.