स्वभाव, काम आणि जामखेडचा अनुभव

कचेरीतील कारकून सुस्त का, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : त्याची वृत्तीच तशी! शिक्षक उदासीन दिसला तरी निदान तेच. नोकरीपूर्वीच्या स्वभावचाचण्या आणि गल्लोगल्ली निघालेले व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग यांचा पायाही हाच, की माणूस आपला स्वभाव बरोबर घेऊन कामावर येतो आणि त्यानुसार वागतो. या समजुतीला शास्त्राचा आधार अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. बॅरिक व माउंट या संशोधकांनी १९९१ साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कर्तव्यदक्षता हा गुण सर्व प्रकारच्या व्यवसायांत चांगल्या कामाशी निगडित असल्याचे आढळले. मात्र हा संबंध माफक होता, हे चाचण्या विकणारे सहसा सांगत नाहीत.

मेल्विन कोन आणि कार्मी स्कूलर यांनी प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. १९६४ साली त्यांनी अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक नोकरदार पुरुषांच्या मुलाखती घेतल्या व त्यांतील काहींना दहा वर्षांनी पुन्हा गाठले. कामात विचाराला किती वाव आहे, वरिष्ठांचा पहारा किती कडक आहे आणि रोज तेच ते करावे लागते काय, हे तीन प्रश्न त्यांच्या अभ्यासाच्या मुळाशी होते. लवचीक बुद्धीचा माणूस कालांतराने विचाराचे काम मिळवितो, हे तर दिसलेच. परंतु विचाराचे काम करता करता माणसाची बुद्धी लवचीक होत जाते, हेही दिसले. १९८३ साली हे संशोधन ग्रंथरूपाने आले. पुढे पोलंड आणि जपान या अगदी निराळ्या समाजांतही बरेचसे तसेच निष्कर्ष निघाले.

याचा पडताळा पाहण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना हाती धरण्यात आले. त्यांतील बहुतेक निरक्षर, अनेक दलित आणि घरातही ज्यांच्या शब्दाला किंमत नाही अशा. आजची एखादी स्वभावचाचणी त्यांना दिली असती, तर ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असा शेरा मारून त्यांना पहिल्याच फेरीत बाद केले गेले असते.

या स्त्रियांनी गरोदर बायांची तपासणी केली, बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी पाजले, क्षय आणि कुष्ठरोगाचे रुग्ण शोधले. कोणत्या घरी आधी जायचे, सासूची समजूत कशी घालायची, रुग्णाला जामखेडला केव्हा धाडायचे, हे त्या दारात त्यांचे त्यांनाच ठरवावे लागे. आठवड्यातून एकदा जामखेडला जमायचे, आठवडाभरात काय घडले ते सांगायचे आणि एकमेकींकडून शिकायचे, हीच त्यांची शाळा. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे आरंभी हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तिशीच्या खाली आला. हे सारे श्रेय आरोग्यसेविकांचे एकट्यांचे नाही. पाणी, शेतकरी मंडळे, महिला मंडळे यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय निवड गावाने केली होती, म्हणजे स्वभावाचा विचार अगदीच झाला नसेल असे नाही. तथापि पुढे परदेशी पाहुण्यांना धिटाईने आरोग्यशास्त्र समजावणाऱ्या या बाया कोणत्याही वर्गात ‘विकसित’ झाल्या नव्हत्या.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यापूर्वीच, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली होती. तिच्यात पुरुषांचीच भरती अधिक झाली. २००५ साली ‘आशा’ योजना आली, तेव्हा मात्र सरकारने गावातील स्त्रीची निवड केली. जामखेडहून सरकारने स्त्री घेतली. तिचा स्वतः ठरविण्याचा अधिकार घ्यावयाचा राहिला. आशाताईंचा मोबदला मुख्यतः कामाच्या बाबींवर मोजला जातो, आणि नोंदवह्या व सर्वेक्षणे यांत त्यांचा दिवस सरतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला; पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशाताईंना मानधनासाठी संपावर जावे लागले. मानधनाचा प्रश्न रास्तच आहे, आणि तो आधी सुटला पाहिजे. पण कोन यांचे तीन प्रश्न त्यांच्या कामाला लावले, तर उत्तरे उत्साहवर्धक येणार नाहीत. शाळेत फळ्यापेक्षा माहितीचे रकाने अधिक वेळ भरणाऱ्या गुरुजींना आणि टिपणीवर स्वतःचे मत लिहिण्याची सोय नसलेल्या लिपिकाला ती उत्तरे तोंडपाठ असतील.

आशाताईंच्या मासिक बैठकीत आकडे घेण्याचे काम निम्म्या वेळात उरकावे आणि उरलेल्या वेळात प्रत्येकीने महिन्यातील एक अवघड प्रसंग इतरांपुढे मांडावा, एवढे निदान अहिल्यानगर जिल्ह्यात तरी करून पाहता येईल. त्यासाठी नव्या अनुदानाची आवश्यकता नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचे एक परिपत्रक पुरेल.