खरंखुरं विंडो शॉपिंग

मे महिन्यातला वळीव कसा येतो हे पुणेकरांना सांगायला नको. पाच मिनिटांपूर्वी ऊन मी मी म्हणत असतं आणि अचानक धुळीचा लोट, कडकडाट, टपोरे थेंब! त्या क्षणी आख्ख्या सोसायटीतून एकच आवाज येतो. खर्रर्र... खट्! खिडक्या ओढून घेतल्याचा. ज्यांची खिडकी सरकते ते भजी तळायला मोकळे. ज्यांची सरकत नाही ते एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातानं काचेशी कुस्ती आणि पायानं गादी ओढणं, असे तीन आघाड्यांवर लढत असतात.

आपल्या पिढीची गंमत बघा. पडद्यांच्या शेडवर आपण दोन वीकेण्ड घालवू, कुशन कव्हर त्याला मॅच होतं की नाही यावर मैत्रिणींची मतं घेऊ. पण ज्या खिडकीवर ते पडदे लावायचे तिच्या पोटात चाकं असतात, ती झिजतात आणि चक्क बदलता येतात, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. खिडकी जड झाली की जोर लावायचा, अजून जड झाली की अजून जोर... आणि एक दिवस ती बंद करणंच सोडून द्यायचं. हा आपला मेंटेनन्सचा फंडा!

तर आधी थोडी अॅनाटॉमी. फ्लॅटमधली नेहमीची अॅल्युमिनियमची स्लायडिंग विंडो घ्या. प्रत्येक सरकत्या शटरच्या खालच्या पट्टीत दोन टोकांना दोन चाकं असतात. दुकानात रोलर म्हणालात तरी चालतं, पण कारागिरांच्या तोंडी शब्द बेअरिंग. म्हणून ती खालची पट्टी म्हणजे 'बेअरिंग बॉटम'. खिडकी बंद केल्यावर दोन शटर्स मधोमध एकमेकांत अडकतात त्या उभ्या पट्ट्या म्हणजे 'इंटरलॉक'. एवढे दोन शब्द आले की समोरचा माणूस तुम्हाला जरा सिरियसली घ्यायला लागतो, हा स्वानुभव. चाक बहुतेक वेळा नायलॉनचं असतं. ट्रॅकमध्ये धूळ, केस, कबुतरांची कृपा साठत जाते, चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं फरफटत राहतं. फरफटून ते एका बाजूनं सपाट होतं. मग कितीही तेल घाला, ते काही फिरत नाही.

आणि खरी मेख इथेच आहे. चाक झिजलं की शटर काही मिलिमीटर खाली बसतं. त्यामुळे एक तर लॉकचा आकडा समोरच्या खाचेत बसेनासा होतो. लोक लॉक बदलतात. नवं लॉकही बसत नाही! कारण दुखणं लॉकचं नसतंच, ते खालच्या चाकाचं असतं. दुसरी गोष्ट जास्त सिरियस. शटरची वरची कड वरच्या ट्रॅकमध्ये जेवढी आत असायला हवी तेवढी राहत नाही. एरवी ते कसंबसं टिकून असतं, पण वळवाच्या वाऱ्यात खडखडतं आणि आपण घाईघाईत जोर लावून ओढलं की ट्रॅकवरून उतरू शकतं. बाहेर ग्रिल असेल तर निदान ते तिथे अडतं. पण नव्या टॉवर्समध्ये व्ह्यू हवा म्हणून ग्रिल नाही... ५ मिलिमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. म्हणजे २ बाय ४ फुटांच्या शटरची नुसती काचच ९ किलोंच्या वर, फ्रेमचं वजन वेगळं. २० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण सातव्या मजल्यावरून, खाली पडणारी वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. आणि खाली संध्याकाळी कोण असतं? सायकल खेळणारी पोरं आणि बाकावरचे आजी-आजोबा. त्यामुळे 'सरकत नाही जरा' हे वाक्य मी आता हलक्यात घेत नाही.

माझ्या बेडरूमच्या खिडकीचं असंच झालं तेव्हा मी आधी एका फॅब्रिकेटरला बोलावलं. त्यांनी खिडकीकडे एकदा पाहिलं, शटर हलवूनसुद्धा बघितलं नाही, आणि म्हणाले, "मॅडम, पूर्ण विंडो चेंज करावी लागेल. आता हे कुणी वापरत नाही. यूपीव्हीसी करून टाका." कोटेशनचा आकडा माझ्या महिन्याच्या भाड्याच्या वर! फ्रेम ठणठणीत, काच ठणठणीत, चाकं तेवढी गेलेली. चप्पलचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलतं का? अर्थात त्यांची बाजूही कळते. दोन बेअरिंगसाठी ट्रॅफिकमधून येणं त्यांना परवडत नाही. म्हणून माझा सल्ला, मजल्यावरच्या तीन-चार फ्लॅटवाल्यांनी मिळून बोलवा. एकाच फेरीत दहा खिडक्या होत असतील तर हेच लोक आनंदानं येतात.

मी मात्र बोहरी आळीत गेले. रविवार पेठेतली ही गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पुण्यात राहून काय केलं असा प्रश्न पडतो. मॉलमध्ये जे विंडो शॉपिंग करतो ते विसरा, खऱ्या विंडोचं शॉपिंग इथे! बिजागऱ्या, कड्या, हँडल्स, स्क्रूंचे डोंगर. माझ्या पुढचा मुलगा काउंटरवरच्या काकांना मोबाइलवर बेअरिंगचा फोटो दाखवत होता. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "फोटोत माप दिसतं का?" मुलगा गप्प. मग माझ्याकडे वळले.

"बोला."

"काका, स्लायडिंगचं बेअरिंग हवंय."

"पाऊण इंची की डोमल?"

मी पिशवीतून जुनं बेअरिंगच काढून समोर ठेवलं. काकांचा चेहरा एकदम खुलला. "हे बघ," ते त्या मुलाला म्हणाले, "असं आणायचं!"

पाऊण इंची, एक इंची, २७ एमएमचं डोमल ही सगळी अॅल्युमिनियम सेक्शनची घराणी. प्रत्येकाचं बेअरिंग वेगळं. बघायच्या गोष्टी तीन: पट्टीत बसणाऱ्या बॉडीची रुंदी, चाकाची उंची आणि चाकाची खाच ट्रॅकच्या कडेवर नीट बसते की नाही. काकांनी आणखी एक पटवून सांगितलं. टिकाऊ म्हणून आख्ख्या लोखंडी चाकाच्या नादी लागायचं नाही. चाक टिकतं, पण मऊ अॅल्युमिनियमचा ट्रॅक खातं आणि ट्रॅक बदलणं हे खर्चाचं काम. चाक नायलॉनचं आणि त्याच्या आत बॉल बेअरिंग, हे कॉम्बिनेशन बेस्ट. एका शटरची दोन्ही चाकं एकदमच बदलायची, नाहीतर शटर एका बाजूला लंगडतं. जोडीची किंमत मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा कमी निघाली. सोबत स्टेनलेस स्टीलचे स्क्रूही घेतले, कारण साधे गंजतात आणि पुढच्या वेळी निघता निघत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. शटर दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचं, म्हणजे वरची कड वरच्या ट्रॅकमध्ये आणखी आत जाते आणि खालची चाकं मोकळी होतात. मग खालची बाजू आपल्याकडे, घराच्या आत ओढून शटर बाहेर काढायचं. वाचायला सोपं आहे, पण हे दोघांनी करायचं काम आहे, जमिनीवर उभं राहून. कट्ट्यावर चढून तर अजिबातच नाही. बाहेर ग्रिल नसेल तर सरळ कारागीर बोलवा, तिथे हौस नको. आमच्याकडे ग्रिल होतं, मी आणि माझी फ्लॅटमेट दोघी होतो, शटर काढून जुन्या चादरीवर आडवं ठेवलं. काही सेक्शनमध्ये बेअरिंग एका स्क्रूवर असतं, काहींत कोपऱ्याचे स्क्रू काढून उभी पट्टी सैल करावी लागते. नवं बसवण्याआधी ट्रॅक साफ करायचा. जुना टूथब्रश आणि व्हॅक्युम, बस. शटर परत चढवल्यावर वरच्या ट्रॅकच्या पोकळीत एक छोटा ठोकळा बसवून घ्या, म्हणजे ते कुणाला वर उचलताच येत नाही. वाऱ्याला नाही आणि बाहेरून खिडकी उचलून आत येणाऱ्या चोरालाही नाही.

ट्रॅक साफ करताना बाहेरच्या कडेला लहान भोकं दिसतील. ती मुद्दाम ठेवलेली असतात, ट्रॅकमधलं पावसाचं पाणी बाहेर जायला. ती मातीनं बुजली की पाणी उलटं घरात. 'लीकेज आहे' म्हणून त्यांच्यावरच सिलिकॉन फासणारे महाभाग मी पाहिलेत! सिलिकॉन फ्रेम आणि भिंतीच्या सांध्यात भरायचं, भोकात नाही.

आणि हो, ट्रॅकमध्ये खोबरेल तेल ओतायचं नाही. धूळ चिकटते आणि महिन्याभरात काळा चिखल तयार होतो. घरोघरी असतो तो डब्ल्यूडी-४० सुद्धा मुळात वंगण म्हणून जन्मलेला नाही. ४० नंबर हा त्या फॉर्म्युल्याचा नंबर, साल १९५३, आणि काम होतं धातूवरून पाणी हटवायचं. अडकलेला स्क्रू सोडवायला तो उत्तम. ट्रॅकला मात्र सिलिकॉन स्प्रे, नाहीतर सरळ मेणबत्ती घासायची.

पेठांमधल्या जुन्या घरांच्या सागवानी खिडक्यांचं शास्त्र वेगळं. तिथे बिजागरीचा स्क्रू गोल गोल फिरत राहतो, धरत नाही. त्या भोकात फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या दोन-तीन काड्या (गुल काढून!) ठोकायच्या, वाळू द्यायच्या, मग स्क्रू पिळायचा. घट्ट बसतो. फक्त पावसाळ्यात फुगलेली झडप रंधा मारून घेऊ नका. हिवाळ्यात ती आकसली की फटीतून थंडी येईल ती वेगळीच.

राहिला लाखमोलाचा प्रश्न. भाड्याचं घर असेल तर पैसे कुणी द्यायचे? केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी अॅक्ट मंजूर केला. त्याच्या परिशिष्टात कामांची चक्क वाटणी आहे. दारं-खिडक्यांचं रंगकाम मालकाकडे. खिडक्यांच्या मुठी आणि लॉक बदलणं, डासांच्या जाळ्या आणि फुटलेल्या काचा भाडेकरूकडे. बेअरिंगचा उल्लेख नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना भांडायला वाव! अर्थात हा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आणि त्याहून रोजच्या कामाचा म्हणजे तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार. त्यात 'किरकोळ दुरुस्ती' कुणाची ते सही करण्याआधी वाचा आणि खिडक्या घर बघायला जाल तेव्हाच सरकवून बघा. नळ सोडून बघतो तशाच.

आमच्या करारात याबद्दल अक्षरही नव्हतं. मी बोहरी आळीतल्या पावतीचा फोटो आणि खिडकी एका बोटानं सरकतानाचा व्हिडिओ घरमालक काकांना व्हॉट्सअॅप केला. पैसे पुढच्या भाड्यातून वळते करायला ते लगेच तयार झाले. पाच मिनिटांनी आणखी एक मेसेज: "छान. हॉलच्या खिडकीचंही तुम्हीच बघून घ्या."